चौगुलेअण्णांनी मागे घेतलेला हात

"हात द्या की, बाई. का लाजतासा?" कोरेशेठ माझ्या मागून म्हणाले, आणि मिरचीच्या पोत्यांवर बसलेली सगळी मंडळी हसली.

मी लाजत नव्हते. माझा हात केव्हाच पुढे झालेला होता. अडून बसले होते ते समोरचे चौगुलेअण्णा, त्या आडत दुकानाचे मालक. पासष्टीचे गृहस्थ, डोक्याला पांढरी टोपी, कपाळावर गंधाचा ठिपका. त्यांच्या उजव्या हातावर टॉवेल पसरलेला होता. माझ्याआधी तीन व्यापाऱ्यांनी एकामागून एक त्या टॉवेलाखाली हात घालून आपापला भाव दिला होता. आता पाळी माझी. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं आणि आपला हात मागे घेतला. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"परक्या बाईचा हात मी धरत न्हाई," ते म्हणाले.

हशा वाढला. माझे कान तापले. मिरचीच्या बाजारात सगळेच लाल दिसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नसावं एवढंच.

ही १९८४ सालच्या मार्चमधली गोष्ट. गाव सीमाभागातलं. नाव सांगत नाही, कारण त्या सकाळच्या मंडळींपैकी काहीजण अजून आहेत आणि सज्जन म्हणून वावरतात.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि एका मसाल्याच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत नोकरी करत होते. आलेल्या मिरचीचा रंग बघायचा, ओल बघायची, देठ आणि फटकी, म्हणजे पांढरी पडलेली मिरची, किती ते कागदावर लिहून द्यायचं. मिरची विकत घ्यायला मात्र हरिभाऊ सातपुते जायचे. बावीस वर्षं तेच जात होते. बायकांनी निवडायचं, पाखडायचं, भरायचं, फार तर तपासायचं, आणि बाजारात पुरुषांनी जायचं. कारखान्याच्या कुठल्याही कागदावर हे लिहिलेलं नव्हतं, पण झाडूवाल्यापासून मालकांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होतं.

हरिभाऊंनी आणलेला माल मी नापास केला की ते म्हणायचे, "पोरी, पोतं नाकासमोर आणून ठेवल्यावर कोणीही बोलेल. तिथं शंभर पोत्यांत उभी राहून सांग."

"न्या मग मला."

"तुला नेऊ? आणि लोक काय म्हणतील?"

त्या वर्षी ऐन हंगामात हरिभाऊ मोटारसायकलवरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. मी तडक मालकांच्या, वसंतराव ढवळ्यांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, मी जाते.

ढवळेसाहेबांनी चष्मा काढला. "वायचळबाई, तिथे भाव तोंडानं सांगत नाहीत. टॉवेलाखाली हात घालायचा, आडत्याची बोटं धरायची, दाबायची. ज्याचा भाव जास्त त्याला माल. तुम्ही कसं करणार?"

"बोटं मलाही दहाच आहेत, साहेब."

ते हसले. माणूस वाईट नव्हता, फक्त अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. थोडा विचार करून म्हणाले, "चाळीस पोती लागतील. नंबर एक माल. आणलीत तर खरेदीखातं तुमचं, हरिभाऊ तसेही निवृत्तीला आलेत. रिकाम्या हातानं आलात तर परत तपासणीच्या खोलीत, आणि हा विषय मग पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

बोटांची भाषा मला हरिभाऊंनी हॉस्पिटलात शिकवली. त्यांचा पाय वर टांगलेला, मी शेजारी स्टुलावर, आणि आमचे दोघांचे हात चादरीखाली. अख्खं बोट धरलं की शंभर, पेर दाबलं की दहा, तळहातावर बोट टेकलं की पन्नास. क्विंटलमागे हजार धरलेलेच असतात, ते सांगावे लागत नाहीत. मी दोनशे चाळीस दाबत होते तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टर आल्या. त्यांनी चादरीकडे बघितलं, हरिभाऊंच्या पिकलेल्या मिशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भेटायची वेळ संपल्याचं इतक्या मोठ्यांदा सांगितलं की बाजूचे दोन रोगी उठून बसले. दुसऱ्या दिवशी हरिभाऊंच्या पत्नी जातीनं हजर. सगळा धडा त्यांनी समोर बसून ऐकला आणि शेवटी म्हणाल्या, "सरका, मला दाबू दे." तिसऱ्या दिवशी त्या माझ्यापेक्षा भराभर भाव देत होत्या. त्या दोघांचे उपकार मी कधी विसरले नाही. लोक काय म्हणतील याची ज्यांनी आयुष्यभर धास्ती घेतली, त्यांनीच भरल्या वॉर्डात माझा हात धरून मला शिकवलं.

अशी तयारी करून मी त्या बाजारात पोचले, तर पहिल्या दुकानात काहीच अडचण आली नाही. आडत्या तरणाताठा होता. "या मॅडम, नवीन जमाना हाय," असं म्हणून त्यानं खुशाल टॉवेलाखाली माझा हात घेतला. मी चांगला भाव दिला. ढवळेसाहेबांनी जी मर्यादा घालून दिली होती तिच्या जवळ जाणारा. आडत्यानं सगळ्यांचे हात घेतले आणि जाहीर केलं, "कोरेशेठ!" माल कोरेशेठना गेला.

दुसऱ्या दुकानातही तेच. आडत्यानं माझा हात घेताना नमस्कारसुद्धा केला. मी दहा रुपये वाढवून दिले. "कोरेशेठ!"

कोरेशेठ त्या बाजारातले सर्वांत मोठे खरेदीदार. वर्षभर माल उचलायचे. सोन्याची साखळी, पांढरे बूट आणि बोलण्यात साखर. "वाईट वाटून घेऊ नका हं बाई," ते मला म्हणाले, "हळूहळू अंदाज येतोय बघा. बाजार काय एका दिवसात कळतोय?"

मला खरंच वाटलं, आपलाच अंदाज चुकतोय. असला माल इतक्या वर कसा जातो ते मात्र कळेना. त्या दिवशी मन लावून बघावं असा माल तिसऱ्याच दुकानात उरला होता. चौगुलेअण्णांच्या.

तो माल तानूबाईंचा होता. तानूबाई आणि तिचे दोन दीर, तिघांची मिळून चव्वेचाळीस पोती. दीर बैलगाड्यांपाशी विड्या ओढत बसले होते आणि तानूबाई पोत्यावर. मी मिरची हातात घेतली, कानाशी हलवली. बी खुळखुळलं. देठापाशी मोडली, करकन मोडली. पाणी मारलेलं नव्हतं, फटकी शोधून सापडेना, आणि रंग असा की मी तपासणीच्या खोलीत सहा वर्षांत चारदाच पाहिला असेल.

"कुणी वाळवली?" मी विचारलं.

"आणि कोण वाळवणार? मीच," तानूबाई म्हणाली. "उलथून उलथून कंबर गेली माझी."

हा माल मिळाला तर माझं काम झालं, आणि नाही मिळाला तर आयुष्यभर दुसऱ्याच्या मिरचीवर शेरे लिहायचे. इतकं ते सरळ होतं. म्हणून मी चौगुलेअण्णांसमोर हात पुढे केला, आणि अण्णांनी आपला मागे घेतला.

"त्या दोन दुकानांत धरला की माझा हात," मी म्हणाले. आवाज चढला होता, मला कळत होतं.

"त्यांनी धरला आसंल. आमच्यात चालत न्हाई."

"मग माझा भाव तुम्हाला कळणार कसा?"

"देवानं तोंड दिलंय की तुमास्नी. बोला."

"वा! ह्यांचे भाव टॉवेलात आणि माझा एकटीचा चव्हाट्यावर? मी बोलले की हे पाच रुपये वाढवून माल घेऊन जातील."

अण्णा नुसते माझ्याकडे बघत राहिले. शाळेत मास्तर उत्तर येतंय का म्हणून वाट बघतात, तसे. मला तेव्हा ते निगरगट्ट वाटले.

"बोलायचंच तर सगळ्यांनी तोंडानं बोलावं," मी म्हणाले. "यांनी आधी दिलेले भावही रद्द. पुन्हा पहिल्यापासून."

हसणं थांबलं. कोरेशेठ पुढे आले. "अण्णा, काय पोरखेळ लावलाय? एका बाईपायी बाजाराची रीत मोडणार व्हय तुम्ही?"

"मी कुठं मोडतोय?" अण्णा टोपी सारखी करत म्हणाले. "बाईचा हात मला धरता येत न्हाई, ते आमच्या घराण्यात बसत न्हाई. आन् दारात आलेलं गिऱ्हाईक परत धाडता येत न्हाई, ते धंद्यात बसत न्हाई. तुम्हीच सांगा शेठ, काय करू?"

"तिला म्हणावं, पुरुष माणूस घेऊन ये."

"आता कुठनं आणंल ती? जत्रा हाय काय?"

तेवढ्यात पोत्यावरून तानूबाई म्हणाली, "बोला की मोठ्यानं. पंधरा वर्सं मिरची घालताव हितं. मला बी कळू दे माझ्या मिरचीला कोण काय देतंय ते."

तिच्याकडे सगळे वळून बघायला लागले, कारण माल विकणाऱ्यानं मध्ये बोलायचं नसतं, आणि बाईनं तर नाहीच. ती खाली बघत पायाशी पडलेली मिरची उचलून पोत्यात टाकत होती, पण म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

"झालं तर," अण्णा म्हणाले. "मालकिणीची मर्जी हाय. बोला, शेठ. पयला मान तुमचा."

कोरेशेठनी हसण्यावारी नेलं. "अकराशे," ते म्हणाले.

"बाराशे चाळीस," मी म्हणाले.

टॉवेलाखाली कोरेशेठनी किती दाबले होते ते मला माहीत नव्हतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते बाराशेच्या आसपासही नसावेत असं वाटलं. सकाळी मी दोन्ही दुकानांत बाराशेच्या वर दिले होते. त्या क्षणी हा हिशोब मला सुचायला हवा होता. सुचला नाही, कारण मी भांडणाच्या भरात होते.

"बाराशे पन्नास," कोरेशेठ म्हणाले.

"बाराशे ऐंशी."

त्यांनी इतर दोघांकडे बघितलं. दोघेही मिरच्यांकडे बघत होते. कोरेशेठनी पांढऱ्या बुटावरची धूळ झटकली. "घेऊ दे तिला. एवढ्यानं घेऊन विकणार कुठं, बघू."

"सौदा झाला," अण्णा म्हणाले. "चव्वेचाळीस पोती, वायचळबाई."

माझं नाव त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. तानूबाई पोत्यावरून उतरली, माझ्याजवळ आली आणि माझ्या कोपराला हात लावून म्हणाली, "लई मोठ्यांदा बोललीस ग बाई." एवढं बोलून ती गाड्यांकडे गेली. दिरांना भाव सांगायची त्या दिवशी तिला घाई होती.

मी अण्णांचे आभार मानले नाहीत. कशाला मानू? भर बाजारात हात झिडकारणाऱ्या सोवळ्या म्हाताऱ्याचे? कागदावर सही केली, ट्रक भरून घेतला आणि निघाले.

ढवळेसाहेबांनी मिरची हातात घेतली, वास घेतला आणि शब्द पाळला. खरेदीखातं मला मिळालं. पुढे सतरा वर्षं मी तेच काम केलं. माझ्या हाताखाली तीन मुली तयार झाल्या, त्यातली एक आज माझ्या खुर्चीवर आहे. माझं घर, मुलाचं शिक्षण, माझ्या बोलण्यातला हा ठसका, सगळं त्या चव्वेचाळीस पोत्यांतून निघालं.

आणि ही गोष्ट मी सगळीकडे सांगितली. हळदीकुंकवाला सांगितली, निरोपसमारंभात सांगितली, एकदा तर दिल्लीच्या बैठकीत हिंदीत सांगितली. अण्णांची नक्कल करायचे. हात मागे घेण्याची, टॉवेल झटकण्याची, "परक्या बाईचा हात मी धरत न्हाई" म्हणतानाच्या सोज्वळ चेहऱ्याची. लोक पोट धरून हसायचे. बाईच्या हाताला भिणारा म्हातारा, आणि त्याच्या भित्रेपणामुळे बाईचं झालेलं भलं.

त्या बाजारात मी दर हंगामात जात राहिले. अण्णांच्या दुकानात सौदे तोंडीच व्हायचे. पहिली दोन वर्षं तिथे गिऱ्हाईक फार नसे. मी, आणि बाहेरगावचे एकदोघे. मला वाटलं, म्हातारा जुन्या वळणाचा, लोक कंटाळले असतील. मीही त्यांना सवलत दिली नाही. एकदा तर त्यांच्या दुकानातलं ओलं पोतं सगळ्यांसमोर जमिनीवर रिकामं केलं आणि म्हणाले, "अण्णा, हे काय मिरचीचं लोणचं विकताय?" त्यांनी दुसरं पोतं फोडायला सांगितलं.

२००१ साली त्या बाजारात उघड्या लिलावासाठी मोठी शेड बांधली. उद्घाटनाला मला बोलावलं, जुनी खरेदीदार म्हणून चार शब्द बोला म्हणाले. मी काय बोलणार ते ठरलेलंच होतं. अण्णा आदल्याच वर्षी गेले होते. कार्यक्रमाला तासभर अवकाश होता म्हणून मी त्यांच्या पत्नीला, पद्माक्कांना, भेटायला गेले. आमची ओळख बेताचीच होती. त्यांनी मला पाटावर बसवलं, पोहे दिले आणि विचारलं, "काय बोलणार आज?"

मी गोष्ट सांगितली. नक्कल जरा आवरती घेतली, पण केलीच. पद्माक्का हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

"आमचं हे? बाईच्या हाताला भिणार?" त्या म्हणाल्या. "अहो बाई, आमचं लग्न झालं तवा घरात अठरा माणसं. सासूसमोर नवऱ्याशी बोलायची सोय न्हाई. हे वाढायला लावायचे मला आन् ताट घेताना बोटं दाबायचे. दोन दाबली की दोन वाजता माडीवर ये. हिला भाव शिकवलाय म्हणून सांगायचे मित्रास्नी. भाचीला शिकवलं, सुनंला शिकवलं. हात धरायला कसलं आलंय भ्या?"

"मग माझाच का नाही धरला?"

पद्माक्कांचं हसू गेलं. "तुमास्नी ठावं न्हाई?"

मला ठाऊक नव्हतं.

"आदल्या सांजेला कोरेशेठनी सगळ्या आडत्यांस्नी बोलावून घेतलं होतं. मसाल्याच्या कारखान्याची बाई येतीय, म्हणाले. तिनं कितीबी दाबू दे, आपण कमीच समजायचं. माल तिला जायला नको. चार खेपा रिकामी गेली की पाचव्यांदा यायची न्हाई. टॉवेलात काय दाबलं, कोण बघणार? कोण सिद्ध करणार? बाकीच्यांनी माना हलवल्या. हे काय बोलले न्हाईत. घरी आले, जेवले न्हाईत. मी इचारलं तर म्हणाले, टॉवेलाखाली हात घेतला तर मलाबी खोटं बोलावं लागंल, पद्मा. वर्सभर त्यांच्यातच धंदा करायचाय. त्यापेक्षा हातच घ्यायचा न्हाई."

माझ्या हातातली पोह्यांची बशी मी खाली ठेवली. ज्या दोघांनी नवीन जमाना म्हणत, नमस्कार करत माझा हात धरला होता, त्यांनी मला फसवलं होतं. ज्यांनी धरला नाही, त्यांची मी सतरा वर्षं नक्कल करत होते.

"त्या दोन वर्षांत दुकानात गिऱ्हाईक नव्हतं..." मी म्हणाले.

"कुठनं असणार? वाळीत टाकलं होतं. व्यापाऱ्यांच्या संघातनं नाव काढलं, गणपतीची वर्गणीसुद्धा घ्यायला कोण आलं न्हाई. तिसऱ्या वर्सी शेतकरीच माल घेऊन याय लागले. हितं भाव कानानं ऐकाय मिळतोय म्हणून. तानूबाईनं चार गावांत बोंब मारली होती. मग माल हितं म्हटल्यावर व्यापारी जातात कुठं? आले मुकाट."

"अण्णांनी मला कधीच का नाही सांगितलं? मी दर वर्षी येत होते. त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते."

"मी बी तेच म्हटलं त्यांना. त्या बाईला सांगा तरी, तिच्यापायी काय चाललंय. तर म्हणाले, न्हाई. तिला कळलं तर ती मिंधी हुईल. मग माझं ओलं पोतं ती रिकामं करणार न्हाई, वाईट मालाला वाईट म्हणणार न्हाई. ती खरेदीला येतीय, पाया पडायला न्हाई. रागावलेलीच बरी हाय."

मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं पोहे पुढ्यात ठेवून रडावं असं, नाक ओढत. मला वाटायचं, माझं सगळं मी माझ्या जिभेच्या जोरावर मिळवलं. ती जीभ चालवायला जागा कुणी करून दिली, स्वतःचं दुकान ओस पडू देऊन करून दिली, आणि मला कधी आभार मानायला लागू नयेत याचीही काळजी घेतली, ते मला त्या पाटावर कळलं. इतकं कुणी कुणासाठी करतं का? माझ्या सख्ख्यांनी केलं नव्हतं.

मी पद्माक्कांना वाकून नमस्कार केला. म्हणाले, "त्यांचे आभार मानायचे राहून गेले. तुमचे तरी मानू दे."

"माझे कशाला?" त्या पाय मागे घेत म्हणाल्या. "मी काय केलं? दोन हंगाम चूल कशी पेटवली माझं मला ठावं. रोज सकाळी उठून तुमास्नी शिव्या घालत होते मी. त्या बाईचं वाटोळं हुंदे, म्हणायचे."

"आणि अण्णा काय म्हणायचे?"

"ते व्हय?" पद्माक्कांनी बशी उचलून परत माझ्या हातात दिली. "ते म्हणायचे, हळू घाल, पद्मा. औंदा तिला चांगली मिरची मिळू दे, मग घाल."